अनगोळच्या नाक्यावर तान शिऊलान

यशपाल कोलकारला दोन मुली, असं त्याच्या बायकोचं, समताचं, म्हणणं होतं. धाकटी पारमिता, ही अनगोळात घरी राहायची. थोरली तान शिऊलान, ही चीनमध्ये राहायची. थोरलीनं यशपालला जन्मात कधी बघितलं नव्हतं, आणि समताच्या मते त्यामुळंच तिचं एवढं बरं चाललं होतं.

यशपाल बेळगावातल्या एका कॉलेजात शारीरिक शिक्षणाचा संचालक. संचालक म्हटलं की स्वतंत्र खोली, हाताखाली शिपाई असं काहीतरी डोळ्यांपुढं येतं. याच्या वाट्याला एक शिट्टी, एक गंजलेलं कपाट आणि प्राचार्यांच्या भाषणाला पोरं रांगेत बसवायचं काम एवढंच आलं होतं. ऐन उमेदीत तो स्वतः वेटलिफ्टर होता. विद्यापीठाचं रौप्यपदक होतं. ते बाहेरच्या खोलीत अशा जागी टांगलं होतं, की चहा प्यायला बसलेल्या पाहुण्याला मान मोडून घेतल्याशिवाय दुसरीकडं बघता येऊ नये. त्याच्या आधी त्याचा बाप कल्लाप्पा निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत हमाल होता. "आमच्या घराण्यात ओझं उचलायची परंपरा जुनी," यशपाल पाहुण्यांना सांगायचा, "पदक द्यायची पद्धत तेवढी उशिरा निघाली." त्यावर कोपऱ्यातल्या खुर्चीतून कल्लाप्पा म्हणायचा, "पदक न्हवतं, पर मुकादम हुता की."

तान शिऊलान यशपालला भेटली ती मोबाईलवर. पारमिता तेव्हा नुकती बार धरायला शिकत होती. स्नॅचमध्ये, म्हणजे बार एका दमात डोक्यावर नेताना, कोपर कसं फिरवायचं ते तिला दाखवावं म्हणून तो व्हिडिओ शोधत होता. पडद्यावर लाल पोशाखातली एक बुटकी, खांद्यांत रुंद पोरगी आली, खडूचे हात झटकले, बारपुढं उभी राहिली आणि माळ्यावर पातेलं ठेवावं तसा बार डोक्यावर नेऊन थांबली. किंकाळी नाही, दातओठ खाणं नाही. चेहऱ्यावर काहीच नाही. यशपालनं तो व्हिडिओ परत लावला. पारमिता कंटाळून घरी निघून गेली, तरी हा तालमीत एकटाच उभा राहून बघत होता.

तेव्हापासून त्यानं तिची सगळी कारकीर्द गोळा केली. मजकूर चिनी असायचा, तो मोबाईलकडून मराठीत करून घ्यायचा. मोबाईलचं मराठी म्हणजे "तिने लोखंडाला नमस्कार करून सातव्या वर्षी थंडी जिंकली" असल्या थाटाचं. पण भक्ताला अर्थ लागतोच. हुनान प्रांतातल्या डोंगरात तिचे आईबाप संत्र्यांच्या बागेत राबायचे. तालुक्याच्या क्रीडाशाळेचे मास्तर गावात पोरं निवडायला आले, तेव्हा ती भावाचा डबा घेऊन आली होती. मास्तरांनी भावाला उडी मारायला लावली, आणि उभीच आहेस तर तूही मार, असं तिला म्हणाले. संध्याकाळी भाऊ रिकामा डबा घेऊन घरी गेला आणि ती शाळेत राहिली. ज्युनियर विजेती झाली. मग कोपर निखळलं आणि बार हातातून गेला. परत आली, आशियाई विजेती झाली, जगज्जेती झाली. ऑलिंपिकला मात्र कधी गेली नाही, कारण तिच्या देशात जगज्जेत्या इतक्या, की जगाला हरवणं सोपं आणि संघात बसणं अवघड. एका ऑलिंपिकला तिची जागा तिच्याच खोलीत राहणाऱ्या मुलीला मिळाली. शिऊलाननं त्या मुलीची बॅग स्टेशनपर्यंत नेऊन दिली.

"बॅग! स्वतःच्या हातानं!" हे सांगताना यशपालचा आवाज दर वेळी घोगरा व्हायचा.

आणि दर वेळी म्हणजे खरंच दर वेळी. कॉलेजचं स्नेहसंमेलन असो, कुणाच्या मुलाचा वाढदिवस असो, चिकोडीतल्या शाळेचं क्रीडा उद्घाटन असो, यशपालच्या हातात माईक गेला की पाचव्या वाक्याला संत्र्याची बाग यायची. पोरांनी तिचं नाव शिवलाबाई ठेवलं होतं. "आली बघ शिवलाबाई," मागच्या रांगेतून कुजबुज उठायची. कल्लाप्पाला तर बरीच वर्षं ती खानापूरकडची कुणीतरी पाहुणी वाटत होती.

हे सगळं गमतीचं होतं, फक्त एका माणसाला सोडून. पारमितानं बार नीट उचलला की बाप म्हणायचा, "शाब्बास. शिऊलानचं कोपर अजून आत असतंय." पारमिता जिल्ह्यात पहिली आली, तर शिऊलान त्या वयात कुठं होती ते कळायचं. राज्यात आली, तरी कळायचं. पंधरा-सोळा वर्षांची असताना एकदा ती तालमीत बार खाली ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पा, मी शिऊलान न्हाय."

"तसं कोण म्हटलं तुला?" यशपाल म्हणाला. इथं थांबला असता तर बरं झालं असतं. पण तोंडातून पुढचं निघूनच गेलं, "तीसुद्धा या वयात मास्तरांबरोबर अशीच भांड..."

पारमितानं पट्टा सोडला, पिशवी भरली आणि गेली. यशपालनं त्या दिवशी ठरवलं, की तिच्यापुढं पुन्हा ते नाव काढायचं नाही. हा निर्धार त्यानं आठवडाभर पाळला.

पुढं पारमिता पतियाळाच्या राष्ट्रीय शिबिरात गेली, घरापासून लांब झाली, आणि या वर्षी ताश्कंदला आशियाई स्पर्धेत उतरली. तिच्याच वजनगटात शेवटच्या स्पर्धेला तान शिऊलान उभी होती. तिनं निवृत्ती आधीच जाहीर केली होती. समता बँकेतून अर्धी रजा टाकून घरी आली. नवऱ्याकडं बघून म्हणाली, "आज तुमचा जीव कुणात अडकलाय तेवढं सांगा, म्हणजे रडायचं कुणासाठी ते मला कळंल."

पारमिताला ब्राँझ मिळालं. अनगोळच्या त्या गल्लीतून आजवर कुणी आशियात काही आणलं नव्हतं. बातमी पसरायला पाव तास लागला, आणि नाक्यावर बोर्ड लावायचं ठरायला त्याहून कमी.

बोर्डाचा पुढाकार परशरामचा. परशराम गल्लीतल्या युवक मंडळाचा अध्यक्ष. युवक असून त्याला बरीच वर्षं झाली होती. त्याचा फोन आला, "सर, फोटो धाडा एक झकास. बाकी मी बघतो."

पारमितानं ताश्कंदहून एकच फोटो पाठवला होता, पदकं देतानाचा. तिघी चौथऱ्यावर उभ्या. मध्ये उंच पायरीवर शिऊलान, तिच्या एका बाजूला रौप्यवाली, दुसऱ्या बाजूला पारमिता. यशपालनं तोच पुढं सरकवला. कोण कुठली ते सांगायचं त्याला सुचलं नाही. आपल्या मुलीकडं बोट दाखवून ही आपली मुलगी असं कुणी सांगत बसतं का?

बोर्ड करायला भरमूकडं गेला. अनगोळात जन्म, बारसं, निवडणूक आणि श्रद्धांजली असे चारी प्रसंग भरमू एकाच संगणकावर निभावतो. आता बेळगावात बोर्ड लावायचा म्हणजे साधं काम नव्हे. मजकुरात कन्नड वर आणि मोठं पाहिजे, मराठी खाली आणि लहान, असा नियम आहे. लहान म्हणजे किती लहान, यावर इथं माणसांनी आयुष्यं काढली आहेत. भरमूनं पहिला नमुना केला. महापालिकेच्या कचेरीतले साहेब म्हणाले, मराठी जास्त झालं. दुसरा केला. परशराम म्हणाला, मराठी दिसायला चष्मा लागतोय. तिसऱ्याला साहेबांनी पट्टी लावली, परशरामनं टेप लावली. चौथ्याला फोटोतल्या जॅकेटवरनं वाद झाला. जॅकेट लाल आणि त्यावर पिवळे पट्टे. कन्नड झेंड्याचेच रंग, म्हणून साहेबांना ते फार आवडलं. कर्नाटकातली माणसं बरोबर रंग घालतात, असं ते कौतुकानं म्हणाले. परशरामनं ते ऐकलं आणि जॅकेट भगवं केल्याशिवाय बोर्ड लागणार नाही असं बजावलं. भरमूनं शेवटी असा एक रंग काढला, जो सकाळच्या उन्हात लाल दिसेल आणि संध्याकाळच्या उन्हात भगवा. जॅकेटच्या छातीवर काही चिनी अक्षरं होती, तीही त्यानं पुसली. "दोन लिप्या सांभाळताना माझी शुगर वाढलीया," तो म्हणाला, "तिसरी कशाला?"

इतक्या वर्षांत प्रथमच दोन्ही बाजू एका बोर्डावर राजी झाल्या. परशराम आणि ते साहेब समोरच्या टपरीवर एकत्र चहा प्यायले, असं पाहिलेली माणसं सांगतात. शेवटचा नमुना यशपालच्या मोबाईलवर आला, तेव्हा तो परीक्षेच्या हॉलवर होता. त्यानं बोटांनी मजकूर मोठा करून बघितला. वरचं कन्नड, खालचं मराठी, मुलीचं नाव, सगळं होतं. मग सगळा बोर्ड एकदम बघितला. बघून त्याचे डोळे भरून आले. त्यानं अंगठा पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्ड नाक्यावर चढला. समता स्कूटरवरून बँकेत निघाली होती. नाक्यावर तिनं स्कूटर बाजूला घेतली, हेल्मेट काढलं, बोर्ड वरपासून खालपर्यंत बघितला आणि नवऱ्याला फोन लावला.

"अहो," ती म्हणाली, "थोरली कधी आली?"

"कोण थोरली?"

"नाक्यावर उभी हाय की. माझ्याकडंच बघायलीया. घरी घेऊन येऊ काय?"

यशपाल तसाच गंजिफ्रॉकवर नाक्यावर गेला. दुमजली घराएवढा बोर्ड. वर कन्नडात आणि खाली मराठीत: अनगोळची लेक, आशियाई पदकविजेती, कुमारी पारमिता यशपाल कोलकार हिचे हार्दिक अभिनंदन. आणि मध्ये, हात उंचावून, चेहऱ्यावर काहीच नसलेली तान शिऊलान. तिच्याभोवती गोल चौकटींत परशराम आणि मंडळाचे सगळे पदाधिकारी हसत होते.

बोर्डाखाली कल्लाप्पा काठीवर हनुवटी टेकून बसला होता. मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात होतं. "लई मोठा हाय रं," तो म्हणाला. "निपाणीत तंबाखूच्या शेटचासुदिक एवढा लागला न्हवता."

यशपाल थेट भरमूकडं गेला. भरमू एका वर्षश्राद्धाच्या बोर्डावर काम करत होता.

"भरमू, ती आमची पारू न्हाय!"

भरमूनं मूळ फोटो संगणकावर काढला. तिघी चौथऱ्यावर. त्यानं एकदा फोटोकडं बघितलं, एकदा यशपालकडं. "मग तुमची कंची?"

"ही. कडंची."

"सर," भरमू फार समजुतीनं म्हणाला, "मी वीस वर्सं बोर्ड करायलोय. मेन माणूस मधी असतोय. मोठा असतोय. कडंला असत्यात ती शुभेच्छुक."

तिन्ही पायऱ्यांवरच्या पोरी भरमूला जवळून माहीत असायचं कारण नव्हतं. पारमिताला त्यानं शेवटचं बघितलं ते ती दोन वेण्या घालून शाळेत जाताना.

"आणि तुमी प्रूफला अंगठा धाडलासा की," भरमू म्हणाला. "बापानं ओके म्हटल्यावर मी कोण?"

यशपाल खुर्चीवर बसला. चूक साधी होती असं कुणीही म्हटलं असतं. मजकूर तपासायच्या घाईत चेहरा बघायचा राहिला. तो स्वतःही घरी जाऊन असंच सांगणार होता. पण ते खरं नव्हतं. चेहरा बघायचा राहिला नव्हता. चेहरा त्यानं नीट बघितला होता, आणि तो त्याला अगदी बरोबर वाटला होता. आपली मुलगी जिंकली, आता तिचा फोटो लागणार, म्हणजे हाच लागणार, असं डोळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. आणि वर पाणीही काढलं होतं.

दुपारी पारमिता सांबऱ्याच्या विमानतळावर उतरणार होती.

"बदल तो," यशपाल म्हणाला. "आत्ता."

तोवर परशराम येऊन ठेपला होता. सगळं ऐकून तो पहिल्यांदा हसला, मग एकदम गंभीर झाला. "सर, फोटो बदलला म्हणजे बोर्ड नवा. बोर्ड नवा म्हणजे परवानगी नवी. परत पट्टी येणार, परत टेप येणार. पारूचं जॅकेट तर निळं, मग मी माझ्या पोरांना काय सांगू? एवढ्या वर्सांनी एक बोर्ड शांततेत लागलाय. कुणाच्या ध्यानात आलंय काय? मी सकाळपासनं उभा हाय, एक माणूस बोललेला न्हाय. दोघी-तिघी म्हणाल्या, फोटोत जरा गोरी आलीया. मी म्हटलो, तिकडलं हवापाणी."

"पारूच्या ध्यानात येणार की रे."

या मुद्द्याचा कुणी विचार केला नव्हता.

सांबऱ्याहून मिरवणूक निघाली. पुढं हलगी, मागं मोटरसायकली, मध्ये उघडी जीप. जीपमध्ये पारमिता, निळ्या जॅकेटात, गळ्यात पदक आणि झेंडूचे इतके हार, की फक्त डोळे दिसत होते. शेजारी यशपाल. सबंध वाटेवर तो तिच्याशी काहीबाही बोलत राहिला. विमानात जेवण काय दिलं, ताश्कंदला थंडी होती का, गुडघा कसा आहे. बोलता बोलता नाका आला.

पारमितानं मान वर केली. हलगी जोरात होती. तिनं बोर्डावरचं आपलं नाव वाचलं, मग चेहरा बघितला.

"आप्पा, ही शिऊलान."

"व्हय."

"प्रूफ कुणी बघितलं?"

हलगीत ऐकू आलं नाही, असं म्हणायची सोय होती. यशपालनं ती घेतली नाही. "मी."

"बरं," पारमिता म्हणाली, आणि दुसऱ्या बाजूच्या लोकांना हात करायला लागली.

कोलकारांच्या घरात हा शब्द फार जपून वापरतात. समतानं लग्नानंतर तो एकदाच वापरला होता, आणि तेव्हा यशपालला पंधरा दिवस स्वतःचा डबा स्वतः भरावा लागला होता.

सत्काराचा मांडव बोर्डासमोरच होता. पाहुणे आले, नारळ आले, शाली आल्या. एका पुढाऱ्यांनी बोर्डाकडं हात करून सांगितलं, की या चेहऱ्यावरच आपल्या मातीचं तेज दिसतं आणि ते जगात कुठंही ओळखू येईल. टाळ्या पडल्या. दुसरे म्हणाले, की त्यांनी या मुलीला लहानपणापासून पाहिलं आहे आणि ती अजिबात बदललेली नाही. खाली बसलेली समता पदराआड खोकत राहिली. पारमिता व्यासपीठावर सरळ बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

मग माईक यशपालकडं आला.

त्याच्या खिशात भाषण लिहिलेला कागद होता. त्यात संत्र्याची बाग होती, डबा होता, बॅगही होती. तो बोलायला उभा राहिला, तशी मागच्या बाजूला कॉलेजची पोरं एकमेकांना कोपरानं ढोसू लागली. आली शिवलाबाई.

"मी प्रत्येक ठिकाणी एका चिनी बाईंची गोष्ट सांगतो," यशपाल म्हणाला. मागं हशा. "आज एकच सांगतो. त्या बाईंची शेवटची स्पर्धा होती. बारा वर्षं मी त्यांची एक उचल चुकवली नाही. परीक्षा चालू असताना बघितल्या, लग्नाच्या पंगतीत बघितल्या. शेवटची कशी असंल, बार खाली ठेवताना त्या काय करतील, याचा विचार मी दोन महिने करत होतो."

मागचं ढोसणं थांबलं.

"आमच्या पारूची शेवटची उचल त्यांच्या आधी होती. थायलंडच्या मुलीला मागं टाकायला दोन किलो जास्त पाहिजे होते. तिनं बार छातीवर घेतला. उठताना गुडघा थरथरला. मी मोबाईलला सांगितलं, ऊठ गं. उठली. वर नेला. उजवा पाय मागं होता, तो पुढं आणला. थांबली. तीन पांढरे दिवे लागले, तिन्ही पंच राजी. आमचे वडील गल्लीतल्या बुद्धविहाराच्या कट्ट्यावर बसले होते. त्यांना सांगायला मी पळालो. पायात चप्पल नव्हती. त्यांना म्हटलं, आण्णा, पारूनं उचललं. ते म्हणाले, किती? मी सांगितलं. ते म्हणाले, पाठीवर? मी म्हटलं, न्हाय हो, डोक्यावर, दोन हातांनी. मग आम्ही दोघं तिथंच बसलो. घरी आलो तर पदकं देऊन झाली होती."

तो बोर्डाकडं बघायला वळला, आणि मध्येच थांबून मुलीकडं वळला.

"त्या बाईंची शेवटची उचल मी बघितली नाही. आजवर बघितली नाही. राहून गेली असं नव्हे. आठवणच झाली नाही."

एवढं बोलून तो खाली बसला. टाळ्या पडल्या, पण जरा उशिरा. शिवलाबाईशिवाय सरांचं भाषण कुठं संपलं, ते लोकांना कळलं नव्हतं. पुढारी शेजाऱ्याला विचारत होते, कोण चिनी बाई? आणि ती चिनी बाई समोर दुमजली उंचीवरून त्यांच्याकडं शांतपणे बघत होती.

पारमितानं गळ्यातले हार एकेक करून काढले आणि खुर्चीवर ठेवले. पदक तेवढं ठेवलं.

मांडव रिकामा झाल्यावर ती बोर्डाखाली आली. पाठ बोर्डाला करून मोबाईल उंच धरला आणि स्वतःचा आणि शिऊलानचा फोटो काढला.

"कुणाला धाडायलीस?" समतानं विचारलं.

"तिलाच. वॉर्मअपच्या खोलीत भेटलो आम्ही. मी मोबाईलवर भाषांतर करून सांगितलो, माझ्या आप्पांना तुमचं कुठलं कोपर निखळलेलं ते माहीत हाय. तिनं मला खरंच कोपर दाखवलं. तेच होतं. लई हसली. तिनंच नंबर दिला."

यशपाल काहीतरी विचारणार होता. त्यानं ओठ मिटून घेतले. समतानं ते बघितलं आणि मनातल्या मनात त्याला मार्क दिले.

उत्तर लगेच आलं. पारमितानं भाषांतर करून मोठ्यानं वाचलं. "माझ्या गावात माझा एवढा मोठा फोटो कधीच लागला नाही. त्यावर काय लिहिले आहे?"

भरमू शिडी घेऊन आला होता. चूक आपली, बोर्ड आपणच उतरवतो, पैसे नकोत, असं तो परशरामला सांगत होता. परशराम वर बघत राहिला. जगज्जेती बाई, आणि तिला गावात एक बोर्ड नाही. त्याच्यासारख्या माणसाला याचं दुःख इतरांपेक्षा जास्त कळणार, हे उघड होतं.

"काय सांगू तिला?" पारमिता म्हणाली.

"लिवलंय तेच सांग की," परशराम म्हणाला. "अनगोळची लेक. हार्दिक अभिनंदन. आणि सांग म्हणावं, दोन भाषांत हाय."

पारमितानं तसं कळवलं. मग संत्र्याचं एक चित्र आलं, मग आणखी एक, मग ओळभर संत्री.

"भरमूअण्णा, शिडी घेऊन जावा," पारमिता म्हणाली. "बोर्ड असू दे. ऊन लागून पांढरा हुईपर्यंत असू दे."

"आणि तुझं?"

"मला अजून लई बोर्ड लागायचेत. पुढच्या वेळी मी मधी उभी ऱ्हातो, म्हणजे तुमचा घोटाळा व्हायचा न्हाय."

हे तिनं इतक्या सहज सांगितलं, की भरमूनं मान डोलावून ऑर्डर लिहून घेतल्यासारखं केलं. यशपालची छाती मात्र शर्टात मावेना. तो खिशात रुमाल शोधायला लागला आणि हाताला भाषणाचा कागद लागला. त्यानं त्यालाच नाक पुसलं.

"आप्पा," पारमिता त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. जीपमधलं "बरं" अजून पूर्ण गेलं नव्हतं, पण निघायच्या तयारीत होतं. "तिची शेवटची उचल मी बघितलो. पडद्यामागं, दहा हातांवरनं. बार खाली ठेवल्यावर तिनं काय केलं सांगू?"

ज्याचा दोन महिने विचार केला ते समोर उभं होतं. समतानं नवऱ्याकडं बघितलं. यशपालनं बोर्डावरच्या चेहऱ्याकडं एकदा बघून घेतलं, कुणाची तरी माफी मागावी तसं.

"तिचं राहू दे," तो म्हणाला. "तू सांग. बार छातीवर घेतलास, गुडघा थरथरला. मग काय केलीस?"

"तुमी बघितलासा की."

"मी बाहेरनं बघितलो. आतनं काय झालं ते सांग."

पारमितानं खाली वाकून बोर्डाखालच्या कट्ट्यावर बसलेल्या कल्लाप्पाच्या हातातली काठी काढून घेतली, दोन्ही हातांत आडवी धरली आणि रस्त्याच्या कडेला पाय रोवून बसली. "हे बघा. हितं आलो आणि वाटलं, संपलं. पायात काय न्हायच. मग मी श्वास असा धरलो..."

यशपाल तिच्यापुढं जमिनीवरच मांडी घालून बसला. मोबाईल खिशातच राहिला. ती उठली, काठी डोक्यावर गेली, उजवा पाय पुढं आला, आणि अनगोळच्या नाक्यावर सिटी बस हॉर्न वाजवत तिच्यासाठी थांबली.

"सावकाश ठेव गं," खालून कल्लाप्पा म्हणाला. "माझी काठी हाय ती."